तबकडी की फुगा? वाऱ्याचा हिशेब मांडायला शिका

दर हिवाळ्यात मला दोन-चार व्हिडिओ येतात. पहाटेचं निळसर आकाश, त्यात एक पांढरा ठिपका, मागे कुत्र्यांचं भुंकणं आणि कुणाचा तरी दबका आवाज: "अर्धा तास झाला, हललेलंच नाही." पाठवणाऱ्याला लगेच निकाल हवा असतो: उडती तबकडी की फुगा? मी उलट विचारतो: किती वाजता, कुठल्या गावातून, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती वर? बहुतेकांची गाडी इथेच अडते. फोनवर चाळीस सेकंदांचं चित्रण असतं, पण या चारपैकी एकही उत्तर नसतं.

आकाशातला फुगा स्वतःहून कुठेच जात नाही, त्याला वारा नेतो. म्हणून कुठल्या वेळी, कुठल्या उंचीवर, कुठला वारा होता हे कळलं तर फुगा कुठे असायला हवा हे कागदावर मांडता येतं. तो हिशेब नवशिक्यालाही जमतो, गणित शाळेतलंच आहे.

वाऱ्याचा नकाशा उघडण्याआधी वही उघडा

हा क्रम मोडू नका. आधी नकाशा पाहिला की डोळे आपोआप त्याला जुळणारी आठवण तयार करतात. "हो हो, पश्चिमेकडेच सरकत होता" असं माणूस शपथेवर सांगतो आणि खोटंही बोलत नसतो.

वेळ फोनमधली लिहा, अंदाजाने नको. दिशा होकायंत्राच्या अ‍ॅपवर पाहा, पण गच्चीवरची लोखंडी टाकी किंवा मोटारसायकल जवळ असेल तर तो आकडा बिघडतो. त्यापेक्षा 'शेजारच्यांच्या टाकीच्या डाव्या कडेवर' असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी उपग्रहाच्या नकाशावर रेघ मारून दिशा नेमकी काढता येते. उंचीसाठी हात ताठ पुढे करा आणि मूठ वळा. एक मूठ म्हणजे जवळजवळ १० अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जा. ठिपका दीड मुठीवर असेल तर १५ अंश. एवढ्याने हिशेब सुरू होतो.

दहा मिनिटांनी हेच सगळं पुन्हा करा. एका नोंदीतून जागा कळते, दोन नोंदींतून हालचाल. फोटो काढणार असाल तर चौकटीत झाडाचा शेंडा, खांब असं काहीतरी स्थिर येऊ द्या. झूम करून काढलेला नुसता पांढरा गोळा माझ्या दृष्टीने निरुपयोगी आहे. फोकस चुकला की कुठलाही तारा तसाच दिसतो.

फुगा नसलेल्या गोष्टी आधी बाजूला काढा

यात फार वेळ घालवू नका. रोज त्याच सुमारास, त्याच बाजूला दिसतोय तर तो शुक्र. माळेसारखे ठिपके एकामागोमाग सरकतायत तर स्टारलिंकचे उपग्रह. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रभर लोकांनी आकाशातून जळत जाणारे लोळ पाहिले आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं कडं सापडलं. ते रॉकेटचे अवशेष होते. अशी वस्तू एखाद-दोन मिनिटांत आकाश पार करते, फुगा असं कधीच करत नाही. जे रेंगाळतं, लुकलुकत नाही आणि रोज दिसत नाही, त्याच्यासाठी वाऱ्याकडे वळायचं.

आपल्या आकाशात फुगे येतात कुठून

पहिला मान हवामान खात्याचा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी, हैदराबाद अशा केंद्रांवरून उपकरणाची पेटी बांधलेले फुगे वर सोडतात. त्यांच्या नोंदींच्या ठरलेल्या वेळा पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. मिनिटाला साधारण ३०० मीटर या गतीने फुगा चढतो, वर हवा विरळ होत जाईल तसा फुगत जातो आणि ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो.

दुसरे फुगे राक्षसी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं म्हणजे टीआयएफआरचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला आहे. पातळ पॉलिथिनचे, ५० ते ८५ मीटर व्यासाचे, हायड्रोजन भरलेले हे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जाऊन काही तास तरंगतात. उड्डाणांच्या मोसमात संस्था ज्या जिल्ह्यांना आगाऊ सूचना देते त्यात तेलंगण-कर्नाटकाबरोबर मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूरही असतं. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यातल्या एका शेतात अवकाश-पर्यटनाच्या चाचणीची मोठी कुपी उतरली, तेव्हा ती बघायला पंचक्रोशी लोटली होती. तीही हैदराबादच्या याच केंद्रातून उडालेली. जानेवारी २०२५ मध्ये बिदर जिल्ह्यात हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगी गावात असाच एक फुगा येऊन पडला. बिदर तर मराठवाड्याच्या सीमेला लागूनच आहे.

साठ मीटरचा फुगा ३५ किलोमीटरवर थेट डोक्यावर असेल तर चंद्राच्या पाचव्या हिश्श्याएवढा दिसतो. शंभर किलोमीटर लांब गेला की नुसता ठिपका उरतो.

उंची: सगळं अडतं ते इथे

वाऱ्याचा नकाशा प्रत्येक उंचीचा वेगळा. म्हणून उंची आधी ठरवायची आणि वाऱ्याचा आधार न घेता ठरवायची. यासाठी मला सगळ्यात आवडणारी युक्ती सूर्याची आहे.

जमिनीवर अंधार असताना उंचावरच्या फुग्यावर ऊन पडलेलं असतं. ३५ किलोमीटरवरच्या फुग्याला आपल्यापेक्षा सुमारे २५ मिनिटं आधी सूर्य उगवतो आणि तेवढाच उशिरा मावळतो. संध्याकाळी ठिपका आधी तांबूस होऊन विझतो, पहाटे एकदम पेटल्यासारखा उजळतो, ते यामुळेच. पाहणाऱ्याला वाटतं, दिवा लावला किंवा मालवला.

आता ठोकताळा पाहा. ठिपका उजळला त्या क्षणी सूर्य क्षितिजाखाली जितके अंश होता, त्या आकड्याचा वर्ग म्हणजे फुग्याची उंची, जवळजवळ किलोमीटरमध्येच. ५ अंश असेल तर २५ किलोमीटर, ६ अंश असेल तर ३५ च्या आसपास. पृथ्वीच्या आकारामुळे हा योगायोग इतका सोयीचा जुळतो की पहिल्यांदा गणित करून पाहिलं तेव्हा मला कागद पुन्हा तपासावा लागला. एकच पथ्य: हा सूर्याचा कोन फुग्याच्या खालच्या गावातला धरायचा, आपल्या गावातला नाही. फुगा सूर्याच्या बाजूला १११ किलोमीटर असेल तर कोनातून एक अंश वजा करा. ठिपका तुम्ही बघायला गेलात तेव्हा आधीच उजळलेला होता, तर मिळालेली उंची ही किमान उंची.

सूर्य अमुक वेळी क्षितिजाखाली किती, हे तारांगणाचं कुठलंही मोफत अ‍ॅप सांगतं.

वाऱ्याची भाषा

नकाशावरची वाऱ्याची दिशा म्हणजे तो कुठून येतो ती. इंग्रजीतून शिकलेले इथे हमखास गोंधळतात, पण मराठी माणसाने गोंधळायचं कारण नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात हे आपण लहानपणापासून पाठ केलंय. २७० अंशांचा वारा म्हणजे पश्चिमेचा, म्हणजे फुगा पूर्वेला जाणार.

वेग बहुधा नॉटमध्ये असतो. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. वेळ जागतिक असते, तीत साडेपाच तास मिळवायचे. नोंदीवर '०० झेड' असेल तर ती आपल्याकडची पहाटे साडेपाचची, '१२ झेड' म्हणजे संध्याकाळी साडेपाचची. माझा पहिला हिशेब याच साडेपाच तासांनी चुकला होता आणि तो चुकीचा हिशेब जुळलाही होता!

उंची मीटरऐवजी हवेच्या दाबात दिलेली असते. ८५० हेक्टोपास्कल म्हणजे दीड किलोमीटर, ५०० म्हणजे पावणेसहा, २०० म्हणजे बारा, १०० म्हणजे साडेसोळा आणि १० म्हणजे जवळजवळ एकतीस किलोमीटर. एवढे पाच टप्पे लक्षात ठेवले तरी पुरे.

वेगवेगळ्या थरांत वारे किती वेगळे असतात, हे नुसत्या डोळ्यांनी बघायचं असेल तर जुलैत पावसाने उघडीप दिली की वर बघा. खालचे काळे ढग समुद्राकडून पूर्वेला पळत असतात आणि त्यांच्या फटीतून दिसणारे पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग पूर्वेकडून येत असतात. हिवाळ्यात त्याच उंचीवर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. 'मध्येच यू-टर्न मारला, म्हणजे आत कुणीतरी चालवत होतं' हा तबकडीवाल्यांचा आवडता पुरावा इथे गळतो. चढता फुगा एका थरातून दुसऱ्यात गेला की वळतोच.

आकडे कुठून घ्यायचे

सुरुवातीला अर्थ नलस्कूल हे संकेतस्थळ उघडा. त्यात मागची तारीख टाकता येते आणि ७० व १० हेक्टोपास्कलचे थरही आहेत. विंडी हे दुसरं संकेतस्थळ दिसायला देखणं आहे, पण ते मुख्यतः पुढच्या दिवसांच्या अंदाजासाठी. नोंद केल्या केल्या बघणार असाल तरच त्याचा उपयोग. त्यानंतर वायोमिंग विद्यापीठाच्या संग्रहात जा. तिथे हवामान खात्याच्या फुग्यांनी प्रत्यक्ष मोजलेले वारे केंद्रवार आणि तारीखवार मिळतात. नकाशातला वारा म्हणजे संगणकाचं गणित, हा मात्र मोजलेला. दोन्हींत फार फरक दिसला तर मी मोजलेल्याकडे झुकतो, मात्र केंद्र दीड-दोनशे किलोमीटरच्या आत असेल तरच.

हात बसला की अमेरिकेच्या नोआ या हवामान-संस्थेची हायस्प्लिट ही संगणकप्रणाली वापरा. जागा, वेळ आणि उंची दिली की हवेचा कण तिथून कुठे जाईल किंवा तिथवर कुठून आला असेल, ती रेघ ती काढून देते. पण पहिले दोन-तीन हिशेब कागदावरच करा.

एक हिशेब, कागदावर

समजा, जानेवारीच्या मध्यावर लातूरच्या एका गच्चीवरून ६ वाजून ३२ मिनिटांनी पूर्व-आग्नेयेला, दीड मुठीवर, एक ठिपका उजळला. आकडे मी सोयीचे घेतलेत, आणि सगळे वारे एकाच रेषेत पुढे-मागे वाहतायत असं धरलंय.

त्या वेळी लातूरला सूर्य क्षितिजाखाली साडेसहा अंशांहून किंचित जास्त. ठिपका सूर्याच्याच बाजूला, शंभरेक किलोमीटरवर असावा असं धरून एक अंश कमी करू. साडेपाचच्या किंचित वर कोन, त्याचा वर्ग साधारण ३१. म्हणजे उंची ३१-३२ किलोमीटर. १५ अंशांच्या कोनात ३२ किलोमीटर उंचीची वस्तू, पृथ्वीच्या गोलाईचा एक किलोमीटर सोडला तर, सुमारे ११६ किलोमीटर लांब असते. नकाशावर लातूरहून त्या दिशेला ११६ किलोमीटर मोजा, रेघ बिदरच्या आसपास टेकते. हैदराबादचं केंद्र लातूरपासून २३५ किलोमीटर त्याच रेषेत, म्हणजे ठिपका तिथून ११९ किलोमीटर पश्चिमेला.

आता दुसऱ्या टोकाकडून. समजा, फुगा रात्री २ वाजता सुटला. सेकंदाला ५ मीटर चढत पहिले सहा किलोमीटर २० मिनिटांत, तिथे पूर्वेचा मंद वारा, सेकंदाला ५ मीटर: ६ किलोमीटर पश्चिमेला. सहा ते अठरा किलोमीटर ४० मिनिटं, तिथे हिवाळ्यातला पश्चिमेचा जोरकस वारा, सेकंदाला २० मीटर: ४८ किलोमीटर पूर्वेला. अठरा ते बत्तीस, ४७ मिनिटं, पूर्वेचा वारा १० मीटर: २८ किलोमीटर परत पश्चिमेला. पावणेचारला फुगा वर पोचला तेव्हा उलट १४ किलोमीटर पूर्वेला आहे! तिथून पुढे १६५ मिनिटं पूर्वेच्या १३ मीटर वाऱ्यावर तरंगला तर १२९ किलोमीटर पश्चिमेला जाईल. १२९ वजा १४, झाले ११५.

एकीकडून ११९, दुसरीकडून ११५. मुठीने मोजलेल्या कोनासाठी हे फार झालं. प्रत्यक्षात २०-३० किलोमीटरचा फरक आला तरी मी कुरकुरत नाही.

आणि 'हललाच नाही'चं काय? ताशी ४७ किलोमीटर वेगाने तो फुगा लातूरच्याच दिशेने येतोय. दहा मिनिटांत पावणेआठ किलोमीटर जवळ आला तरी कोन १५ चा १६ अंश होतो, मुठीचा दहावा भाग. गच्चीवर चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते दिसणारच नाही.

जमलं तर त्याच वेळी दुसऱ्या गावातून पाहिलेला माणूस शोधा. वरचा फुगा सोलापूरहून जवळजवळ पूर्वेला, जेमतेम एका मुठीवर दिसेल. लातूरची आणि सोलापूरची रेघ जिथे छेदतात तिथे फुगा. मग सूर्याच्या युक्तीवर एकट्यावर भिस्त राहत नाही.

जुळवाजुळवीचा मोह

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण नवशिके इथेच घसरतात, आणि जुनेजाणतेही. जमिनीपासून तीस किलोमीटरपर्यंत वीस थर घेतले तर त्यांतला एखादा वारा तुमच्या ठिपक्याच्या दिशेने जाणारा सापडतोच. 'बघा, ९ किलोमीटरवर वारा बरोब्बर तिकडेच होता' हे स्पष्टीकरण नाही, ही शिकार आहे. उंची आधी लिहिलेली असेल तरच वाऱ्याची साक्ष धरायची. आणि वाऱ्याने फक्त 'फुगा तिथे असू शकतो' एवढंच ठरतं. तो खरोखर सुटला होता का, हे वेगळं शोधावं लागतं.

७ जानेवारी १९४८ ला अमेरिकेत केंटकीवर एका चमकत्या वस्तूचा पाठलाग करताना कॅप्टन थॉमस मँटेल यांचं विमान कोसळलं आणि ते गेले. काही वर्षांनी हवाई दलाच्या तबकडी-चौकशीचे प्रमुख एडवर्ड रुपेल्ट यांनी त्या दिवसाचे वाऱ्याचे जुने तक्ते काढून रेघा मारल्या. ओहायोतून स्कायहूक जातीचा मोठा, त्या काळी गुप्त असलेला फुगा सुटला असता तर तो त्या भागात पोचला असता, असं त्यांना दिसलं. पण त्या ठिकाणाहून त्या दिवशी फुगा सुटल्याचा कागद काही त्यांना मिळाला नाही. वारा जुळला, नोंद नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये उलटं झालं. नॉर्दर्न इलिनॉय बॉटलकॅप बलून ब्रिगेड या हौशी मंडळींचा छोटासा फुगा अनेकदा पृथ्वीप्रदक्षिणा करून १० फेब्रुवारीला अलास्काच्या किनाऱ्याजवळ ३८,९१० फुटांवर शेवटचा बोलला. हायस्प्लिटच्या रेघेप्रमाणे तो ११ तारखेला कॅनडाच्या युकॉनवर असायला हवा होता, आणि त्याच दिवशी लढाऊ विमानाने युकॉनवर एक अनोळखी वस्तू पाडली. इथे उड्डाणाची नोंद आहे, उंची आहे, वारा आहे. अवशेषच मिळाले नाहीत, त्यामुळे सरकारी शिक्का आजतागायत नाही.

विमानातून किंवा गाडीतून काढलेला व्हिडिओ असेल तर वाऱ्याआधी स्वतःचा वेग वजा करा. अमेरिकी नौदलाच्या 'गोफास्ट' या गाजलेल्या चित्रणात वस्तू समुद्रालगत सुसाट जाताना दिसते. पडद्यावरची विमानाची उंची, अंतर आणि कॅमेऱ्याचा कोन घेऊन नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये त्रिकोणमिती केली, तर ती वस्तू सुमारे १३,००० फुटांवर निघाली आणि वेग ताशी ४० मैलांच्या आसपास. बाकी सगळी पळापळ विमानाची होती. त्या उंचीवर तेवढा वारा नवलाचा नाही. ती वस्तू काय होती हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

केशरी दिवे

लग्नसराईत आणि दिवाळीत उडणारे कागदी कंदील वेगळ्या जातीचे. मुंबई पोलिसांनी त्यांवर वेळोवेळी बंदी घातली आहे, तरी उडतात. ते काही शे मीटरवर, जमिनीलगतच्या वाऱ्यावर जातात, एकाच रेषेत एकामागून एक, आणि काही मिनिटांत विझतात. त्यांच्यासाठी वरचे नकाशे कामाचे नाहीत. जवळच्या विमानतळाची हवामान-नोंद घ्या. किनाऱ्यावर असाल तर दिवसा समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्याची अदलाबदल कधी झाली ते पाहा. मग ज्या बाजूने वारा होता तिकडे जाऊन कुठल्या कार्यालयात लग्न होतं ते विचारा. हा तपास मोटारसायकलवरून होतो.

खाली पडलेलं सापडलं तर

हवामान खात्याची पेटी हातात मावेल एवढी पांढरी, हलकी असते, सोबत फुटलेल्या रबराच्या चिंध्या. टीआयएफआरचं सामान मोठ्या रंगीत हवाई छत्रीला लांब दोराने बांधलेलं असतं आणि त्यात उच्च दाबाची वीज असू शकते. हात लावू नका, उघडू नका, पॉलिथिन कापून गोठ्यावर घालायचा मोह आवरा. त्यावर पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असतो, तिथे कळवा किंवा पोलीस पाटलांना सांगा. संस्था कळवणाऱ्याला बक्षीस देते. आणि आधी एक फोटो काढून त्याखाली वेळ व गावाचं नाव लिहून ठेवा. फुगा नेमका कुठे उतरला हे कळलं की पहाटेचा तो हिशेब उलट्या बाजूने तपासता येतो.